बाबांची राहिलेली फेरी: नौशेरा ते राजौरी

५ एप्रिल, पुणे

आमच्या घरी झेलम एक्सप्रेसला कुणी एक्सप्रेस म्हणत नाही. नुसतं झेलम. झेलमचं रिझर्वेशन झालं का, झेलम लेट आहे का, झेलमनं गेले. बाबा सुट्टी संपवून निघाले की याच गाडीनं. आई मात्र त्यांना सोडायला स्टेशनवर कधी गेली नव्हती. पोरं लहान, परतायला रात्र होते, हे कारण. आज ती स्वतःच खिडकीशी बसली होती, मांडीवर धपाट्यांचा डबा, आणि दौंड यायच्या आत शेजारच्या दोन पोरांची युनिटं विचारून मोकळी झाली होती.

बाबा बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलातले. १९६९ साली खडकीला भरती, २४ वर्षं नोकरी, हवालदार म्हणून निवृत्ती, त्यानंतर भोसरीच्या एका कारखान्यात रात्रपाळीचे वॉचमन. गेल्या दिवाळीनंतर गेले. जम्मूच्या पुढचा नौशेरा ते राजौरी हा रस्ता एकदा डोळ्यांनी बघायचा, हे त्यांच्या मनात फार वर्षं होतं. रिक्रूट असताना उस्तादांनी सांगितलेली राणे साहेबांची गोष्ट ते दर ८ एप्रिलला आम्हाला सांगायचे. आम्ही कंटाळलो तरी सांगायचे. रामा राघोबा राणे, कारवारजवळच्या चेंडियाचे, पोलीस शिपायाचा मुलगा. १९४० साली सॅपर म्हणून भरती झाले, ब्रह्मदेशात लढले, डिसेंबर १९४७ मध्ये कमिशन मिळालं आणि चार महिन्यांत, पाकिस्तानशी युद्ध चालू असताना, याच रस्त्यावरचे सुरुंग आणि अडथळे काढून परमवीर चक्राची कामगिरी केली. त्या वेळी वय २९.

"जाऊ एकदा," असं बाबा म्हणत राहिले. आधी दादाचं लग्न, मग घराचा स्लॅब, मग माझी फी, मग त्यांचे गुडघे. दिवस झाल्यावर आई एवढंच म्हणाली, "त्यांचं राहिलंय ते आपण उरकून येऊ. एप्रिलमध्येच जायचं."

६ एप्रिल, गाडीत

भोपाळ, झाशी, आग्रा. सांगण्यासारखं फारसं नाही. उकाडा, चहा, पुन्हा चहा.

शेजारच्या पोरांपैकी एक साताऱ्याकडचा. सुट्टी संपवून चालला होता. दर तासाला बायकोला व्हिडिओ कॉल. आई कौतुकानं बघत होती, मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आम्हाला मनीऑर्डरचं कुपन यायचं." मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली मजकुरासाठी बोटभर जागा असे. बाबांचा मजकूर आईला अजून पाठ आहे. "खुशाल आहे. टाकीला झाकण लावणे. दादाचे दात डॉक्टरला दाखविणे." प्रेमाबिमाचा शब्द नाही. सगळी कामंच. पुढच्या महिन्यात पहिलंच वाक्य, "झाकण लावले का?"

साताऱ्याच्या पोरानं धपाटे खाल्ले, चटणी मागून घेतली आणि पठाणकोटच्या आधी उठून आईच्या पाया पडला. का पडला, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

७ एप्रिल, जम्मू

स्टेशनवर सरदार काका उभे. बाबांचे फौजेतल्या कंपनीतले जोडीदार, नाईक म्हणून निवृत्त, आता आर. एस. पुऱ्याकडे भातशेती करतात. बॉम्बे सॅपर्समध्ये मराठ्यांबरोबर शीख आणि मुसलमानही असतात, आणि खडकीत शिकून गेलेल्या शिखाचं मराठी हा ऐकण्याचाच प्रकार आहे. "वहिनी, प्रवास बरा झाला ना? सामान द्या इकडं, हे माझं काम हाय." आईनं पदर सावरला आणि पिशवी देऊन टाकली. एरवी ती पिशवी आम्हा मुलांनासुद्धा देत नाही.

दिवसभर त्यांच्या घरी. संध्याकाळी ओट्यावर बसून काकांनी १९७१ नंतरचं सांगितलं. युद्ध संपलं तरी सॅपरचं काम संपत नाही, कारण दोन्ही बाजूंनी पेरलेले सुरुंग शेतात तसेच असतात. काका आणि बाबा तेव्हा सांबा भागात सुरुंग काढायला होते. गुडघ्यावर बसून, सळई जमिनीत तिरकी खुपसत, वीतवीत पुढं सरकायचं. सळई सरळ खाली दाबायची नाही, कारण सुरुंगाचा दाब घेणारा भाग वरच्या अंगाला असतो. तिरकी गेली तर कडेला टेकते, हाताला कळतं आणि माणूस वाचतो.

मी गप्प झाले. बाबा कुंडीतली माती उकरायलासुद्धा सळई तिरकी धरायचे. तुळशीची माती बदलताना मी एकदा हसले होते की, बाबा, सरळ घाला ना. ते म्हणाले, "हाताला वळण पडलंय." वळण कशाचं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

८ एप्रिल, अखनूर, सुंदरबनी, नौशेरा

सकाळी सहाला काकांची जुनी बोलेरो. अखनूरला चिनाब ओलांडली. इथल्या जिया पोता घाटावर १८२२ साली गुलाबसिंगाला राजतिलक झाला, ही माहिती काकांनी दिली आणि गाडी न थांबवता दिली. आईला चिनाबचं पाणी बघायचं होतं, पण आज नौशेरा गाठायचं, बाकी सगळं परतताना, असा त्यांचा हुकूम.

अखनूर ते पूंछ रस्त्याचं रुंदीकरण सीमा सडक संघटना करते आहे. सुंदरबनीपर्यंत कुठे नवं काळं डांबर, कुठे नुसता मुरूम, कुठे जेसीबी डोंगर खरवडतोय आणि खाली गाड्यांची रांग. ही संघटना १९६० सालची. तिचे मजूर बहुतेक बाहेरून आलेले. एका वळणावर आम्ही अर्धा तास अडकलो. काका खाली उतरले, मुकादमाशी बोलले, परत येऊन सांगितलं, "पाइप टाकताहेत. बरोबर टाकताहेत." बाबा असते तर तेही उतरले असते आणि तेवढ्या लवकर परत आले नसते.

त्यातच बकरवालांचे कळप. एप्रिलमध्ये ही माणसं जम्मूकडची खालची चराई सोडून पीर पंजाल ओलांडायला निघतात. शेकडो मेंढ्या, शेळ्या, घोड्यांवर भांडीकुंडी, त्यावर बांधलेलं एक लहान मूल, शेवटी मोठाले कुत्रे. सगळा महामार्ग त्यांचा. हॉर्न वाजवणाऱ्याकडे मेंढ्या बघतसुद्धा नाहीत.

दुपारी नौशेरा. गाव तावी नदीच्या काठी, भोवती डोंगर, गहू पिवळा पडायला लागलेला. १९४८ च्या फेब्रुवारीत ब्रिगेडियर उस्मान यांनी हे गाव राखलं. तैनधारच्या टेकडीवर ६ फेब्रुवारीला नाईक जदुनाथ सिंह एकट्यानं ठाणं लढवत पडले. पुढे झांगर परत घेतलं तेव्हा मराठा लाइट इन्फंट्रीची पॅरा पलटण त्यात होती, आणि तिथेच ३ जुलैला तोफेच्या गोळ्यानं उस्मान गेले. झांगर ताबारेषेला अगदी लागून आहे, तिकडे आम्ही गेलो नाही.

मुक्काम काकांच्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांकडे. राजमा, भात, अनारदाण्याची चटणी. जेवण झाल्यावर मी सोबत आणलेला कागद काढला. राणे साहेबांच्या मानपत्रातल्या वेळा मी त्यावर उतरवून घेतल्या होत्या. आज ८ एप्रिल, म्हणून आजच्या तारखेचं वाचायचं असं ठरलं.

सकाळी ११. नदपूर साउथजवळ राणे आपली तुकडी घेऊन रणगाड्यांपाशी थांबले आहेत, पुढचे सुरुंग काढायचे आहेत. काम सुरू व्हायच्या आतच उखळी तोफांचा मारा. दोघे ठार, पाच जखमी, त्यात राणे स्वतः. उरलेल्यांची त्यांनी पुन्हा जुळवाजुळव केली आणि कामाला हात घातला. दुपारी साडेचारच्या सुमारास डोग्रा पलटणीनं बरवाली रिज ही डोंगराची धार घेतली. शत्रू अजून आसपास होता. राणे तुकडी घेऊन पुढं गेले, रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढायला लागले आणि समोरून मशीनगन चालू असताना रात्री १० पर्यंत काम केलं.

सुभेदार म्हणाले, लोकांना दोरीची गोष्ट जास्त आवडते. ती मीही लहानपणापासून ऐकलेली. राणे रणगाड्याखाली आडवे होऊन, रणगाड्याबरोबर सरपटत, चालकाच्या हातात दिलेली दोरी ओढून थांब-चलच्या खुणा करत पुढं गेले, अशी ती गोष्ट. ती सांगायला छान आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनात बसवतासुद्धा येईल. पण मला त्या दोरीपेक्षा हे वेळापत्रक मोठं वाटतं. जखम होऊन अकरा तासांनंतर माणूस फावडं मारतोय आणि उद्या सहाला पुन्हा यायचंय हे त्याला माहीत आहे.

९ एप्रिल, नौशेराच्या पुढचा रस्ता

आज मुद्दाम सावकाश. नौशेरा ते राजौरी आता फार तर दीड-दोन तासांचं अंतर. आम्ही त्यातला थोडासाच तुकडा केला आणि संध्याकाळी परत नौशेऱ्यालाच आलो.

१९४८ च्या ९ तारखेला राणे सकाळी ६ ला लागले ते दुपारी ३ पर्यंत. वळणरस्ता तयार झाला, रणगाडे हलले, आणि हे सर्वांत पुढच्या कॅरिअरमध्ये, म्हणजे चिलखती गाडीत, बसले. अर्धा मैल होतो न होतो तोच रस्त्यावर चीडाची, म्हणजे पाइनची, झाडं आडवी. उतरले, सुरुंग लावून उडवली. तीनेकशे यार्डांवर पुन्हा तेच. पाच वाजता एक मोरी, म्हणजे रस्त्याखालचा छोटा पूल, उडवलेली. काम सुरू करायच्या आत मशीनगन सुरू झाली. तरीही बाजूनं वाट काढून दिली. सव्वासहाला, अंधार पडत असताना, पाच मोठे चीड, भोवती सुरुंग, वर मशीनगनचा पहारा. ते सुरुंग काढायला बसलेसुद्धा, पण रणगाड्यांच्या अधिकाऱ्यानं ताफा रात्रीपुरता मागे घेतला.

यातली जागा नेमकी कुठली, हे दाखवायचा मोह काकांना होत होता, पण रस्ता तेव्हापासून किती वेळा हलला, रुंदावला, कापला गेला. आईला त्याची अडचण नव्हती. ती मोऱ्या बघत होती. बाबांनी लग्नानंतर तिला शिकवलेली एकमेव तांत्रिक गोष्ट म्हणजे मोरी कशी बघायची. वरून नाही बघायची, खाली उतरून, पाणी ज्या बाजूनं येतं तिकडून. एका नाल्याशी तिनं गाडी थांबवायला लावली आणि माझा हात धरून खाली उतरली. कोरडा नाला, गोल गोटे, दगडी भिंत, तिच्या सांध्यांत उगवलेलं गवत, आणि तळाला पाण्यानं उकरून केलेला वीतभर खड्डा. आईनं चपलेनं तो खड्डा दाखवला. "हे असंच राहिलं तर दोन पावसाळ्यांत भिंत बसेल."

काका वरून ओरडले, "वहिनी, कंपनी कमांडर साहेब काय म्हणतात?"

"दगड भरा म्हणावं!"

चीडाचं झाडही तिथेच जवळून पाहिलं. दोघांच्या कवेत मावणार नाही असं खोड, खाली सुयांचा थर, पाय ठेवला की घसरतो. असली पाच झाडं, आडवी, एकात एक अडकलेली, आणि त्यांच्या बुंध्याशी कुठे काय पुरलंय ते ठाऊक नाही. कागदावर "पाच चीड" वाचताना हे डोळ्यापुढं येत नाही.

रात्री सुभेदारांच्या पत्नीनं विचारलं, राणे साहेबांचा संसार? मी सांगितलं, लग्न नंतर झालं, १९५५ साली. पत्नी राजेश्वरी. चार मुलं. १९६८ साली मेजर म्हणून निवृत्त झाले, ११ जुलै १९९४ ला पुण्याच्या कमांड हॉस्पिटलमध्ये गेले. हयातीत परमवीर चक्र मिळालेल्या पहिल्यावहिल्या वीरांपैकी ते एक.

आई बराच वेळ गवार मोडत राहिली. (पाहुणी म्हणून गेली तरी तिच्या हाताला भाजी लागते.) मग म्हणाली, "म्हणजे एवढं सगळं होऊन गेल्यावर चार पोरांच्या शाळा, आजारपणं, बदल्या. त्याचं कुणी लिहून ठेवत नाही."

त्यावर काकांनी बाबांचं काढलं. लोखंडी तुकडे जोडून उभारायच्या बेली पुलाचं एक पॅनेल १० फूट लांब, ५ फूट उंच, वजन सुमारे २६० किलो. सहा माणसं उचलतात. तिघे-तिघे समोरासमोर, खालून दांडे घालून. एकाच्या पायाचा ठेका चुकला तर बाकी पाचांची कंबर जाते. बाबा कायम उताराच्या बाजूला उभे राहायचे, तिकडे भार जास्त येतो म्हणून. "मी विचारलं, तू का रोज तिकडं? बोलला, माझी उंची कमी हाय, मला सोपं पडतं. खोटं बोलायचा. सोपं कुणालाच नव्हतं."

आईला हे नवीन होतं. तिला फक्त त्यांचा उजवा खांदा माहीत होता, थंडीत शेकायला लागणारा.

दापोडीचं आमचं घर बाबांनी असंच बांधलं. रात्रपाळी करून सकाळी आठला यायचे, दोन तास झोपायचे आणि गवंड्याबरोबर उभे राहायचे. कॉलममधलं स्टील स्वतः बांधलं. मला चिमटा आणि तार देऊन बसवलं होतं, अकरावीची परीक्षा तोंडावर असताना, आणि शेजारी पुस्तक उघडं ठेवून मधूनच प्रश्न विचारायचे. त्यांना स्वतःला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मी अडखळले की एवढंच कळायचं, आणि म्हणायचे, "पुन्हा वाच."

१० एप्रिल, चिंगस आणि राजौरी

आम्ही निघालो तेव्हा साडेसात वाजले होते. राणे यांनी १० तारखेला पहाटे पावणेपाचला सुरुवात केली होती. रणगाड्यांच्या एका तुकडीच्या आधारानं ते पाच चीड साडेसहापर्यंत मोकळे केले. पुढचे हजार यार्ड म्हणजे नुसते अडथळे आणि उडवलेले बांध. तेही साडेदहापर्यंत झालं. त्यानंतर रणगाडे रस्ता सोडून तावीच्या पात्रात उतरले आणि दुपारी २ ला चिंगसला पोचले. म्हणजे पराक्रम संपला म्हणायला हरकत नव्हती. पण मागून रसद घेऊन येणाऱ्या गाड्या नदीच्या पात्रातून येऊ शकत नाहीत. त्यांना रस्ताच लागतो. म्हणून राणे मागेच राहिले आणि विश्रांती न घेता, न जेवता रात्री ९ पर्यंत रस्ता साफ करत राहिले. दुसऱ्या दिवशी, ११ तारखेला, सकाळी ६ ते ११ काम करून चिंगसपर्यंतचा रस्ता खुला केला, आणि पुढच्या रस्त्यावर पुन्हा रात्री १० पर्यंत. १२ तारखेला सैन्य राजौरीत शिरलं.

त्या दुपारचा, रणगाडे पुढं निघून गेल्यानंतरचा हा भाग बाबा नेहमी दोनदा सांगायचे. आम्हाला वाटायचं, विसरतात.

चिंगसची सराई रस्त्याला लागूनच, खाली नदी. मोगल याच वाटेनं काश्मीरला जात. १६२७ साली परतीच्या वाटेवर जहांगीर वारला आणि देह लाहोरपर्यंत टिकावा म्हणून त्याची आतडी काढून इथे पुरली. आवारात ती कबर आहे, जवळ मशीद, सभोवार कमानींच्या खोल्या. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बायको बरोबर होती का?" होती, नूरजहाँ. "मग तिनंच निस्तरलं असणार."

कमानीच्या सावलीत बसून आम्ही धपाट्यांचे उरलेले तुकडे संपवले. काकांनी खिशातून एक फोटो काढला. खडकीचा, १९७० च्या आसपासचा. बनियनवर बारा-तेरा पोरं, मागे अर्धवट जोडलेला पूल. बाबा डावीकडून तिसरे, केस एवढे की मी ओळखलंच नाही. आईनं ओळखलं. फोटो तिनं परत दिला नाही, काकांनी मागितलाही नाही.

दुपारी राजौरी. गजबजलेलं, चढउतारांचं गाव, बाजारात अनारदाणा आणि अक्रोड, लष्कराच्या गाड्यांची ये-जा. हे गाव १९४७ च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीच्या दिवसांत शत्रूच्या हाती पडलं होतं. मोठा संहार झाला. बलिदान भवनात त्याची स्मृती आहे. मी आत गेले, आई बाहेरच बसली. दिवाळीचं नाव निघालं की ती हल्ली तिथून उठते. १३ एप्रिलला गाव राजौरी दिन पाळतं, त्याच्या पताका बांधणं चालू होतं. पताका बांधणाऱ्या पोराला मी विचारलं, रामा राघोबा राणे माहीत आहेत का? म्हणाला, "रोड वाले साहब? हाँ जी." यापेक्षा नेमकी ओळख मला पुण्यातही कुणी करून दिली नव्हती.

११ एप्रिल, राजौरी

पाऊस. दिवसभर खोलीत. काका झोपले, आईनं त्यांच्या सदऱ्याची बटणं लावली.

१२ एप्रिल, परत जम्मू

उतरताना चिनाबवर थांबलो, ठरल्याप्रमाणे. अखनूरच्या घाटावर आईनं पाण्यात हात घातला आणि लगेच काढला, इतकं गार.

जम्मू स्टेशनवर डिझेलच्या पैशांवरून जुंपली. आईनं पदराच्या गाठीतून नोटा काढल्या, काकांनी दोन्ही हात मागे बांधले. शेवटी तडजोड अशी निघाली की त्या पैशांत काकांनी आणि काकूंनी पुण्याला यायचं, आणि तिथून सगळ्यांनी मिळून कारवार गाठायचं. तिथे समुद्रकाठी, आयएनएस चपळ या युद्धनौकेच्या संग्रहालयापाशी, राणे साहेबांचा पुतळा आहे. चेंडियाही तिथून जवळच. काकांनी आजवर कोकण रेल्वे पाहिलेली नाही. तिच्या बोगद्यांबद्दल त्यांना बरेच प्रश्न आहेत, आणि ते मला विचारण्यात अर्थ नाही हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं.

"मे महिन्यात नको," आई म्हणाली, "उकडून जीव जाईल. पावसाळ्यात दरडी पडतात. नवरात्र झालं की या." काकांनी मान डोलावली आणि मोबाइलमध्ये गुरुमुखीत काहीतरी टिपून घेतलं.